डाव्या हाताचं काय करायचं? : जॅझ पियानोबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत जॅझ पियानोबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेक नाशिक शहरातली, दोन-तीन देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडची. कुणाला वाजवायचं आहे, कुणाला शिकवायचं आहे, कुणाला मुलीच्या भवितव्याची काळजी आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मी दहा वर्षं पेटी वाजवतो, भजनाला आणि गाण्याच्या साथीला. आता जॅझ पियानो शिकायचा आहे. पेटीचा हात कितपत उपयोगी पडेल? (पंचवटी)

उजवा हात आणि कान उपयोगी पडतील. डावा हात मात्र पहिलीत बसवावा लागेल. इतकी वर्षं त्यानं भाता हलवला आहे, त्यामुळे त्याची बोटं एकेकटी उचलायला तयार नसतात. पहिले तीन महिने रोज पंधरा मिनिटं फक्त डाव्या हाताला द्या: पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवून चौथं आणि पाचवं बोट आलटून पालटून, मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक ठोक्याला एक स्वर. कंटाळवाणं आहे, पण हे टाळून पुढे गेलेला पेटीवादक सहा महिन्यांनी हटकून इथंच परत येतो.

दुसरा फरक स्पर्शाचा. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज ठरतो तो भात्यावर. पियानोत आवाज ठरतो हातोडी तारेकडे किती वेगानं गेली यावर. पेटीवादकाचे सगळे स्वर सुरुवातीला एकाच जोराचे येतात ते यामुळेच. उपाय असा: एकच स्वर आठ वेळा वाजवायचा, पहिला ऐकू येईल-न येईल इतका हलका, आठवा सर्वांत मोठा, मग उलट. शिवाय पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर टिकतो, पियानोचा वाजताक्षणी विरायला लागतो. तो टिकवायला पेडल आहे, पण पेडल कॉर्डच्या (एकत्र वाजवलेल्या तीन-चार स्वरांच्या) बरोबर दाबलं तर आधीची कॉर्डही आत अडकते आणि सगळा चिखल होतो. नवी कॉर्ड वाजताना पाय उचलायचा आणि ती वाजल्यावर लगेच दाबायचा. हात खाली तेव्हा पाय वर.

तुमची मोठी कमाई वेगळीच आहे. गायक बदलला की तुम्ही काळी एकवरून पांढरी चारवर सहज जाता. जॅझमध्ये ही सवय सोन्याची, कारण ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही वाद्यं बी फ्लॅटची म्हणजे काळी पाचची, तर आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचं म्हणजे काळी दोनचं. त्यांच्या सोयीमुळे पुष्कळ चिजा पांढरी चार, काळी पाच आणि काळी दोनमध्ये वाजतात. एक पथ्य पाळा: स्केल चेंजर पेटीची सवय असेल तर डिजिटल पियानोचं ट्रान्सपोज बटण वर्षभर वापरू नका. त्या बटणानं पट्टी बदलते, हात बदलत नाही.

पुस्तकात दिलेली डाव्या हाताची व्हॉइसिंग्ज (कॉर्डचे स्वर मांडायच्या रीती) वाजवली की एकटं वाजवताना पोकळ लागतं, खालच्या सप्तकात नेलं तर गढूळ. माझं काय चुकतं? (कॉलेज रोड)

तुमचं फारसं काही चुकत नाही. ती व्हॉइसिंग्ज ज्या प्रसंगासाठी बनली तो प्रसंग तुमच्याकडे नाही, एवढंच. पुस्तकात असतं ते साधारण असं: डी मायनर सेव्हनसाठी एफ-ए-सी-ई, जी सेव्हनसाठी एफ-ए-बी-ई, सी मेजर सेव्हनसाठी ई-जी-बी-डी. यातल्या एकाही कॉर्डमध्ये तिचा मूळ स्वर नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बिल एव्हान्स, विंटन केली या पियानोवादकांच्या वादनातून ही पद्धत रूढ झाली. त्यांच्या शेजारी डबल बास वाजवणारा असायचा आणि मूळ स्वर तो सांभाळायचा. पियानोनंही तोच स्वर वाजवला तर दोघांची टक्कर होते.

या मांडणीचं सौंदर्य जरूर समजून घ्या. पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना चारपैकी एकच बोट हलतं, सीवरून बीवर. दुसरीवरून तिसरीवर जाताना बी जागेवर राहतो, बाकीचे तिघे एकेक पायरी खाली येतात. हात जवळपास स्थिर, आणि कानाला मात्र पूर्ण प्रवास.

पण नाशिकमध्ये बास वाजवणारा मिळणं अवघड. बहुतेक कार्यक्रम एकट्याचे, किंवा गायिका आणि पियानो, फार तर सोबत काहोन (वर बसून वाजवायचं लाकडी खोक्याचं तालवाद्य). अशा वेळी मूळ स्वर तुम्हालाच द्यावा लागतो. त्यासाठी पियानोवादक बड पॉवेलच्या वळणाची दोन-स्वरी कॉर्ड शिका: डी मायनर सेव्हनला मधल्या सीच्या खालचा डी आणि वर मधला सी. जी सेव्हनला त्याच सप्तकातले जी आणि बी. सी मेजर सेव्हनला खालचा सी आणि तोच बी. तळाचा स्वर घर सांगतो, वरचा कॉर्डचा स्वभाव सांगतो, मधली जागा मोकळी राहते. उरलेले स्वर उजव्या हातानं चालीच्या खाली भरायचे.

गढूळपणाचं कारण आवाजाच्या शास्त्रात आहे. खालच्या स्वरांचे उपस्वर कानाच्या सर्वांत जाग्या पट्ट्यात येतात, आणि तिथे स्वर जवळजवळ असले की ते एकमेकांवर घासतात. म्हणून चार स्वरांची दाट कॉर्ड मधल्या सीखालच्या डीच्या आणखी खाली न्यायची नाही. त्याखाली एक स्वर, सप्तक किंवा पंचम, बस्स.

मित्र तबला वाजवतो. आम्हाला दोघांना जॅझ करायचं आहे, पण दहा मिनिटांत दोघे वेगवेगळ्या ठिकाणी पोचतो. (इंदिरानगर)

तुम्हा दोघांसाठी सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे बारा बारचा ब्लूज हा साचा. बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट. बारा बार गुणिले चार मात्रा, अठ्ठेचाळीस मात्रा. त्रितालाची बरोबर तीन आवर्तनं. नुसती बेरीज जुळते असंही नाही, ब्लूजची मांडणीच चार-चार बारच्या तीन ओळींची आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ एका आवर्तनात नेमकी बसते.

सी ब्लूज घ्या. पहिलं आवर्तन पूर्ण सी सेव्हन. दुसऱ्यात समेवर एफ सेव्हन, आठ मात्रा, आणि खालीवर सी सेव्हनला परत. तिसऱ्यात समेवर जी सेव्हन चार मात्रा, एफ सेव्हन चार मात्रा, आणि पुन्हा खालीवर सी सेव्हन. शेवटच्या चार मात्रांत, म्हणजे तेराव्या मात्रेपासून, जी सेव्हन वाजवला की कान पुढच्या फेरीच्या समेकडे ओढला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवर्तनात खाली म्हणजे घरी परतणं, एवढं मित्राला सांगून ठेवा. हरवलात तर दोघांना एकमेकांना शोधायची ती खूण. बत्तीस बारची चीज म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रा, आठ आवर्तनं. तिथे प्रत्येक दोन आवर्तनांना एक विभाग संपतो.

आता बिघडतं कुठे ते. पहिली गोष्ट, वजन. तबलजी समेवर वजन टाकतो, स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, वजन प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतं. दोघे मिळून मेट्रोनोम ६० वर लावा, पण तो ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजून लय १२० ची धरा. सुरुवातीला मेट्रोनोम हमखास उलटून पहिल्या मात्रेवर येतो. तो उलटला हे ज्या क्षणी कळेल तो दिवस चांगला समजा. किनारीचा हलका ‘ना’ दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आणि समेला जाणूनबुजून कमी वजन, एवढ्यानं रंग बदलतो.

दुसरी गोष्ट, अर्ध्या मात्रा. स्विंगमध्ये मात्रेचे दोन सारखे भाग होत नाहीत. मध्य लयीत मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवल्यासारखं होतं, दादऱ्याच्या झोक्याच्या जवळचं. लय वाढली की हे भाग सारखे होत जातात. द्रुत लयीत तीन भागांचा हट्ट धरला तर वाजवणं लंगडतं.

तिसरी गोष्ट, दाया कुठे लावायचा. सी ब्लूजला दाया सीला म्हणजे पांढरी एकला लावला तर तो एफ सेव्हनमध्ये पंचम होतो आणि जी सेव्हनमध्ये मध्यम, तिन्ही चालतात. पण मध्येच दुसऱ्या पट्टीत जाणाऱ्या चिजेत दायाचा सूर बोचायला लागतो. तिथे मित्रानं बाया आणि बंद बोल जास्त वापरावेत. आणि तिहाई घ्यावी, जरूर घ्यावी, पण सोलोच्या (एकट्याच्या उत्स्फूर्त वादनाच्या) अगदी शेवटच्या फेरीला. प्रत्येक बारा बारला तिहाई आली तर पियानोवाल्याचं वाक्य दरवेळी अर्धवट तुटतं.

मुलगी बारावीत आहे, पियानो फार छान वाजवते, जॅझमध्येच जायचं म्हणते. वडील म्हणून विचारतो, यात पोट भरतं का? (गंगापूर रोड)

फक्त वाजवून भरतं का, असं विचारलंत तर नाशिकपुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. वाजवणं, रचना करणं आणि शिकवणं तिन्ही मिळून भरतं. हे छोट्या शहराचं दुर्दैव आहे असं समजू नका. जॅझमधल्या मोठमोठ्या पियानोवादकांची आयुष्यं अशीच उभी राहिली आहेत.

मेरी लू विल्यम्स यांचं उदाहरण मुलीबरोबर बसून वाचा. जन्म १९१०, वाढल्या पिट्सबर्गमध्ये. अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवता वाजवता त्या वृंदासाठी वाद्यमेळ लिहायला लागल्या, आणि पुढे बेनी गुडमन आणि ड्यूक एलिंग्टन या वृंदप्रमुखांसाठीही त्यांनी लिहिलं. १९४५ मध्ये त्यांनी बारा राशींवर बारा तुकड्यांची एक मालिका रचली. त्याच काळात त्यांचं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं घर म्हणजे तरुण वादकांची शाळाच होती. थेलोनियस मंक, बड पॉवेल तिथे येऊन बसत, आपल्या रचना दाखवत. १९५४ मध्ये त्यांनी वाजवणं थांबवलं आणि १९५७ मध्ये पुन्हा सुरू केलं. पुढे चर्चसाठी मोठ्या रचना केल्या, स्वतःच्या ध्वनिमुद्रिका स्वतः काढल्या, आणि १९७७ पासून १९८१ मध्ये निधन होईपर्यंत ड्यूक विद्यापीठात शिकवलं. यात वादक कुठे संपला आणि शिक्षक कुठे सुरू झाला ते वेगळं काढता येत नाही.

आता नाशिकचा हिशेब. दरमहा ठरावीक येणारा पैसा शिकवण्याचा. आठवड्याला सोळा ते अठरा विद्यार्थी, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे बारा ते साडेतेरा तास. ही मर्यादा वीस तासांपुढे नेऊ नये, कारण मग स्वतःचा रियाज सुटतो आणि दोन वर्षांत वाजवण्याची कामं येईनाशी होतात. फी महिन्याची आणि आगाऊ घ्यावी, तासागणिक नव्हे. तासागणिक फी घेणाऱ्या शिक्षकाचं उत्पन्न फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांत, मे महिन्यात आणि दिवाळीत कोसळतं. विद्यार्थ्यानं तास चुकवला तर महिन्यात एकच तास भरून द्यायचा, हे पहिल्या दिवशी लिहून द्यावं.

वाजवण्याची कामं मोसमी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उघड्यावरचे कार्यक्रम, हॉटेलं, लग्नाची स्वागतं, आणि जानेवारी ते मार्च द्राक्षांच्या हंगामात वायनरीज. चातुर्मासात लग्नं नाहीत, पावसात उघड्यावर काही नाही. हे चार महिने रचना आणि ध्वनिमुद्रणासाठी राखून ठेवावेत. मुंबईचं काम घेताना मुक्कामाचा खर्च मानधनात धरलाच पाहिजे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं जाता येतं, पण ती संध्याकाळीच परत निघते, रात्री अकराला संपणाऱ्या कार्यक्रमाला तिचा उपयोग नाही. आयोजक मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस (आगाऊ कर) कापतात. तो बुडत नाही, पण विवरणपत्र भरलं तरच परत मिळतो किंवा करात वळता होतो. पावत्या पहिल्या कामापासून एका फाइलीत ठेवायला शिकवा.

बारावीनंतर लगेच परदेशी पाठवायची घाई नको. तिथल्या संगीत महाविद्यालयांच्या प्रवेशचाचणीत साधारण एक ब्लूज, एक संथ चीज, एक जलद चीज, नोटेशन पाहताक्षणी वाजवणं आणि कान तपासणं असतं. इथे राहून दोन वर्षांत तिनं चाळीस चिजा पाठ केल्या, त्यातल्या दहा चिजा सगळ्या बारा पट्ट्यांत, तर ती कुठेही उभी राहील. पदवी सोबत चालू ठेवायला हरकत नाही, मात्र तिच्या रियाजाचे रोजचे तीन तास कुणी मागू नयेत, अगदी घरच्या पाहुण्यांनीही.

परीक्षा कोणती द्यावी? (नाशिकरोड)

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या जॅझ पियानोच्या परीक्षा पहिल्या ते पाचव्या ग्रेडपर्यंत आहेत आणि त्यात इम्प्रोव्हायझेशनला (ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याला) गुण आहेत, हे चांगलं. शिस्त लागायला परीक्षा द्यावी. पण ग्रेडमागून ग्रेड दिल्या आणि कुणाबरोबर एकदाही वाजवलं नाही, तर त्या कागदाचा बँडमध्ये उपयोग होत नाही. एका वर्षी परीक्षा, पुढच्या वर्षी चार जणांसमोर जाहीर वादन, असं आलटून पालटून करावं.

मी शिकवतो. विद्यार्थ्याला कॉर्ड येतात, स्केल येतात, पण सोलो आला की तो स्केल वरखाली वाजवत राहतो. पुढे कसं न्यावं? (सिडको)

स्केल चुकीचं नसतं, त्यातले महत्त्वाचे स्वर चुकीच्या मात्रेवर पडतात म्हणून ते पाढ्यासारखं वाटतं. सी सेव्हनचे सात स्वर वरच्या सीपासून अर्ध्या-अर्ध्या मात्रेनं खाली वाजवून पाहा. पहिल्या सप्तकात मात्रांवर सी, ए, एफ, डी येतात. चारपैकी सी सोडला तर एकही कॉर्डचा स्वर नाही. आता बी आणि बी फ्लॅट दोन्ही घ्या: सी, बी, बी फ्लॅट, ए, जी, एफ, ई, डी. आठ स्वर, चार मात्रा. मात्रांवर सी, बी फ्लॅट, जी, ई, म्हणजे पूर्ण कॉर्ड, आणि पुढच्या सप्तकातही तेच. एका जास्तीच्या स्वरानं सगळं जागेवर येतं. विद्यार्थी शास्त्रीय शिकलेला असेल तर तो म्हणेल, दोन्ही निषाद म्हणजे खमाज. ऐकायला जवळ आहे, पण खमाजात शुद्ध निषाद आरोहात आणि कोमल अवरोहात. इथे दोन्ही अवरोहातच, लागोपाठ, आणि शुद्ध निषाद नेहमी मात्रांच्या मधल्या जागेत. हा फरक त्याला गाऊन दाखवायला सांगा. गाता आला की बोटांत येतो.

ही दृष्टी ज्यांनी सर्वांत नीट शिकवली ते डेट्रॉइटचे बॅरी हॅरिस (१९२९–२०२१). स्वतः उत्तम पियानोवादक, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कित्येक दशकं वर्ग घेतले. त्यांची दुसरी कल्पना कॉर्डसाठी आहे: सा रे ग म प कोमल ध शुद्ध ध नी, असं आठ स्वरांचं स्केल. एक सोडून एक स्वर घेतले तर दोनच कॉर्ड मिळतात: सा-ग-प-ध ही घरची, आणि रे-म-कोमल ध-नी ही प्रवासाची. सावर घरची, रेवर प्रवासाची, गवर घरची, मवर प्रवासाची, असं आठही पायऱ्या चढायचं. साध्या चालीच्या प्रत्येक स्वराखाली कोणती कॉर्ड धरायची, हा प्रश्न या एका तक्त्यानं सुटतो. विद्यार्थ्याकडून आठवड्याला एक पट्टी करून घ्या, पांढरी एकपासून. बारा आठवडे लागतात.

सोलोचं दुसरं औषध म्हणजे गप्प बसणं. चार बार वाजव, चार बार थांब, आणि थांबलेल्या चार बारांत डावा हात चालू ठेव. पहिल्यांदा मुलांना ते चार बार फार लांब वाटतात. महिन्याभरात त्यांच्या वाक्यांना शेवट यायला लागतो. तासाची विभागणी विचारलीत, तर पाऊण तासात दहा मिनिटं कान (शिक्षकानं वाजवायचं, विद्यार्थ्यानं गाऊन मग शोधायचं), पंधरा मिनिटं एकच चीज, पंधरा मिनिटं तुम्ही दोघे मिळून वाजवणं, पाच मिनिटं वहीत पुढच्या आठवड्याचं काम लिहिणं. मिळून वाजवण्याची पंधरा मिनिटं कधीही कापू नका.

पाश्चात्त्य नोटेशन शिकावंच लागेल का? सरगम लिहून काम होत नाही? (पंचवटी)

चाल लिहायला सरगम पुरते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी करून पुस्तकं छापली, त्यांचा आश्रम तुमच्याच पंचवटीत होता. पण एकावर एक चार-पाच स्वर आणि दोन हातांची वेगळी लय सरगमीत लिहिली की वाचता येत नाही. शिवाय सॅक्सोफोनवाल्याच्या हातात कागद द्यायचा तर तो त्याच लिपीत हवा. सहा महिने रोज दहा मिनिटं वाचन पुरेसं आहे. आधी लीड शीट वाचायला शिका: वर चाल, तिच्या डोक्यावर कॉर्डची अक्षरं.

माझ्या आठ-दहा रचना आहेत. नोंदणी कुठे करायची? आणि दुसऱ्यांच्या जुन्या चिजा ध्वनिमुद्रित केल्या तर? (अशोकनगर, सातपूर)

रचना कागदावर किंवा ध्वनिमुद्रणात उतरली की हक्क आपोआप तुमचा होतो, सरकारी नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा हवा. लीड शीटवर तारीख आणि सही करा, साधं ध्वनिमुद्रण करून त्याच दिवशी स्वतःला ईमेलनं पाठवा. रचना दोघांची असेल तर कुणाचे किती टक्के हे त्याच बैठकीत लिहून दोघांनी सही करा. मैत्री चांगली असतानाच हे होतं, नंतर होत नाही. मग आयपीआरएस या रचनाकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक रचना तिथे नोंदवा. नुसतं सभासद होऊन रचना न नोंदवणाऱ्याला मानधन पोचत नाही, कारण कुठल्या रचनेचे पैसे कुणाचे हे त्यांना कळायला मार्ग नाही. ऑनलाइन प्रसिद्ध करताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ओळख क्रमांक लागतो. तो ध्वनिमुद्रणाचा, रचनेचा नव्हे. दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात.

दुसऱ्याची चीज ध्वनिमुद्रित करायची तर परवाना लागतो. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजून. ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या एकट्याच्या रचना इथे २०३४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. दोघांची रचना असेल तर जो शेवटी वारला त्याच्यापासून मोजायचं, आणि इतर देशांत नियम वेगळे आहेत. कार्यक्रमात वाजवण्याचा परवाना मात्र आयोजकानं घ्यायचा असतो, करारात तसं लिहून घ्या.

जॅझची एक जुनी रीत तुम्हाला उपयोगी पडेल. हक्क चालीवर असतो, नुसत्या कॉर्डच्या क्रमावर सहसा नसतो. जॉर्ज गर्शविन यांच्या १९३०च्या एका गाण्याच्या कॉर्डवर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करसह कितीतरी वादकांनी स्वतःच्या नव्या चाली बांधल्या. माहीत असलेल्या चिजेचे कॉर्ड घ्या, मूळ चाल महिनाभर ऐकू नका, आणि त्यावर स्वतःची बांधा. रचना शिकायचा याहून चांगला अभ्यास नाही.

मुंबईहून जुना अपराइट पियानो मिळतो आहे. घ्यावा का? नाशिकच्या हवेत टिकेल का? (देवळाली कॅम्प)

टिकेल, पण आधी तपासा. ट्यूनिंग फोर्क किंवा फोनवरचा ट्यूनर घेऊन मधला ए वाजवा. तो ४४० ला असायला हवा. सगळा पियानो सारखाच अर्ध्या स्वरानं उतरलेला असेल तर तो वर चढवता येतो, पण एका बैठकीत नाही. दोनशेहून जास्त तारा आहेत, ताण सगळीकडे बदलतो, पहिला फेरा संपेपर्यंत सुरुवातीच्या तारा पुन्हा उतरतात. दोन-तीन फेरे धरा, जुन्या तारा तुटण्याचा धोका धरा. शेजारशेजारचे स्वर वेडेवाकडे उतरले असतील तर खुंट्या सैल आहेत. खुंट्यांचं लाकूड फुटलेलं असेल तर पियानो फुकट मिळाला तरी घेऊ नका, ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीच्या वर जाते. खालची फळी काढून वाळवी पाहा, हातोड्यांचं फेल्ट कसरीनं खाल्लं आहे का पाहा.

हवेचं म्हणाल तर शत्रू पाऊस किंवा उन्हाळा यांपैकी एकटा कुणी नाही, दोघांमधली तफावत शत्रू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) ओल शोषून फुगतो, तारा ताणल्या जातात, मधली सप्तकं चढतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट होऊन उतरतात. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहील तितकं चांगलं, एक साधा आर्द्रतामापक आणून आत ठेवा. पियानो बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीखाली नको, आतल्या भिंतीला लावा, मागे चार बोटं जागा सोडून. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे तसाच ठेवा, मगच ट्यूनरला बोलवा. वर्षातून दोनदा ट्यूनिंग: एकदा पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर, एकदा फेब्रुवारीत. पावसात पट्टी दाबून वर येत नसेल तर तेल अजिबात घालू नका. आतलं कापड फुगलेलं असतं. ते सैल करणं ट्यूनरचं काम आहे.

वायनरीत हिरवळीवर पहिलाच कार्यक्रम आहे. डिजिटल पियानो नेणार आहे. काय काळजी घ्यावी? (महात्मानगर)

वायर तपासा, तिथेच निम्मे कार्यक्रम बिघडतात. स्वस्त डिजिटल पियानोला फक्त हेडफोनचं छिद्र असतं. त्यात साधी मोनो केबल घातली तर एक बाजू गायब होते. स्टिरिओतून दोन मोनो करणारी केबल घ्या आणि दोन डीआय बॉक्समध्ये (वाद्य ध्वनिव्यवस्थेला जोडणाऱ्या डब्यांत) द्या. मागे लेफ्ट-मोनो असं लिहिलेलं छिद्र असेल आणि ध्वनिव्यवस्था मोनो असेल, तर फक्त तेवढंच वापरा. डावी-उजवी एकत्र केली की मधल्या सप्तकाचा आवाज पोकळ होतो. घुमणारा आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची तिसरी पिन कुणी काढायला सांगितलं तर ऐकू नका, ओल्या हिरवळीवर ते जिवावर बेततं. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर स्वर टिकत असेल, तर पियानो बंद करा, पेडलवरून पाय काढा आणि पुन्हा चालू करा. चालू होताना पाय पेडलवर असला की असं होतं.

स्टँड दुहेरी नळ्यांचा घ्या, एकेरी एक्सचा हलतो. कागदांना दोन-दोन चिमटे लावा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळल्यावर गारठा झपाट्यानं वाढतो आणि बोटं आखडतात, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत जलद चीज ठेवू नका. चाळीस मिनिटांचे तीन भाग करा, प्रत्येकी आठ ते नऊ चिजा. जेवणाच्या वेळच्या भागात सलग दोन चिजा मोठ्या आवाजाच्या नकोत. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून आयोजक साडेनऊला बोलवत असेल तर आधीच बोलून वेळ सातची करून घ्या. आणि अर्धं मानधन कार्यक्रमाच्या आधी घ्या.